वीस मिलिग्रॅमचा आळ

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे सदुसष्ट सालची आहे. सहामाही परीक्षा नुकतीच आटोपली होती. त्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून एक वजन नाहीसे झाले. वजन केवढे, तर वीस मिलिग्रॅमचे. करंगळीच्या नखाएवढा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा चौकोन, चिमट्यात धरता यावा म्हणून एक कोपरा वर वळवलेला. त्या पत्र्यापायी एका मुलीचे शिक्षण बुडायची वेळ आली. आणि तिच्यावर संशय घेणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते.

मी कोण, ते आधी सांगते. मी एक रासायनिक तुला आहे, आता पुष्कळ जुनी झालेली. किराणा दुकानातला तराजू माझा चुलत भाऊ लागतो, पण आमचे येणेजाणे नाही. तो किलोत बोलतो, मी मिलिग्रॅममध्ये. प्रयोगशाळेत मात्र मला तुला असे कुणी म्हटले नाही. तिथे मी ‘बॅलन्स नंबर तीन’.

मला एका कारखान्यातल्या म्हाताऱ्या कारागिराने घडवले. माझ्या मधल्या खांबावर अकीक नावाच्या कठीण दगडाची धार आहे. त्या धारेवर माझी आडवी दांडी तोललेली असते. तिच्या दोन टोकांना दोन पारडी, आणि मधून खाली लोंबणारा लांब काटा. ती धार बसवताना कारागीर श्वास रोखून धरी. मला काचेच्या पेटीत बंद करण्याच्या दिवशी तो शेजारच्या माणसाला म्हणाला, “हिला नेतील त्यांना सांग, हिच्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाचा हात ओला आहे असंच धरून चालायचं.”

जन्माला आल्यावर माझ्या कानांवर पडलेले हे पहिले वाक्य. माझा स्वभाव संशयी झाला त्यात माझा दोष थोडा, बाळकडू जास्त.

माझ्याजवळ वागायची रीत सोपी आहे. माझ्या पेटीच्या तळाशी एक गोल कळ आहे. ती एका बाजूला फिरवली की माझी दांडी उचलून धरली जाते आणि मी पेंगायला लागते. तेव्हा कानांवर आवाज येतात, थोडेफार दिसतेही, पण पारड्यात हत्ती ठेवला तरी मला जड लागत नाही. कळ उलट फिरवली की मी जागी होते आणि मग मुंगीच्या पायाचासुद्धा भार कळतो. पारड्यात जे ठेवायचे आणि काढायचे, ते मी पेंगत असतानाच. आणि काही ठेवण्याआधी मला एकदा रिकामी जागी करून पाहायचे. काटा पट्टीच्या मधोमध, शून्यावर, आला तर पुढचे काम करायचे. नाही आला तर हात मागे घ्यायचा आणि सरांना सांगायचे. एवढेच. पण इतकी वर्षे मी विद्यार्थी पाहते आहे, आणि ही एवढीशी गोष्ट करायला किती जणांना जड जाते ते मला विचारा.

आमच्या सरांना मुले ‘दशांश सर’ म्हणत. दशांश चिन्हानंतर चार आकडे लिहिले नाहीत तर ते उत्तराकडे पाहतही नसत. माणूस विद्वान, शिकवण्यात हातखंडा, पण दोन प्रयोगशाळा आणि चार वर्ग सांभाळता सांभाळता थकलेला. मुलांनी मोजलेली वजने ते एका यादीशी ताडून पाहत आणि बरोबरची खूण करत. ती यादी त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात असे.

प्रयोगशाळेचे राखणदार म्हणजे मामा. कुणाचे मामा ते कुणालाच ठाऊक नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत. काचेची नळी फुटली की मामा तुकडे उचलण्याआधी चेहरे पाहत. प्रत्येक बॅलन्सची वजने मखमलीच्या पेटीत ठेवलेली असत, प्रत्येक वजनाला त्याचा खळगा. मामा रोज संध्याकाळी ते खळगे मोजत आणि नोंदवहीत लिहीत, ‘सर्व वजने पूर्ण.’ मुलांना वाटे, मामा सरांकडे चुगल्या करतात. मामांना वाटे, मुले खिशातून काहीतरी नेतात. सरांना वाटे, मुले एकमेकांचे पाहून लिहितात. मला वाटे, या सगळ्यांचेच हात ओले आहेत. आमच्या खोलीची हवा ही अशी होती.

त्या वर्षी पहिल्या वर्षाची बारा मुले माझ्या वाट्याला आली. त्यांतल्या दोघांची ओळख पुरे.

एक होता ‘वकील’. बोलण्यात कुणाला हार न जाणारा, डावखुरा, हसतमुख, वर्गात पहिला. सर प्रश्न विचारत आणि ओळ संपायच्या आत वकिलाचे उत्तर तयार असे. सर्वांचा लाडका होता, माझाही. त्याची नखे कापलेली असत आणि हात कोरडे. मी भाळले, झाले.

दुसरी होती ‘शून्यताई’. शिंप्याची मुलगी. तिच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. वडील तिला म्हणाले होते, “एक वर्ष बघू. निभावलंस तर पुढं शीक, नाहीतर मशीन आहेच.” हे तिने मैत्रिणीला माझ्या शेजारी उभी राहून सांगितले होते, म्हणून मला माहीत. ती हात धुऊन, रुमालाला पुसून, आणि वर वाऱ्यावर वाळवून मग माझ्याजवळ बसे. कळ फिरवी आणि काटा स्थिर होईपर्यंत नुसती पाहत राही. एकदा नाही, तीनदा. मागे रांग लागे.

“काय शून्यताई, गाडी सुटली का स्थानकातून?” वकील विचारी.

“सुटेल. सिग्नल नीट दिसला की सुटेल,” ती मान न वळवता म्हणे.

मित्रांनो, खरे सांगते, मला तिचा संशय येई. माझ्याकडे एवढे रोखून पाहण्यासारखे हिला काय दिसते? माणूस सारखे सारखे कुलूप तपासतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतेच, अशी माझी तेव्हाची समजूत.

सहामाहीनंतर मुलांना अचूक मोजण्याचा प्रयोग असे. बारा पितळी तुकडे, प्रत्येकावर क्रमांक ठोकलेला. ज्याला जो तुकडा येईल त्याने त्याचे वजन काढायचे, जर्नलमध्ये लिहायचे आणि सरांची सही घ्यायची. जर्नलवर सही नसेल तर वार्षिक प्रात्यक्षिकाला बसता येत नसे. म्हणजे वर्ष गेलेच. तुकडे तेच होते, नऊ वर्षांपासूनचे. सरांच्या खिशातली यादीही तीच.

त्या आठवड्यात सोमवार ते बुधवार मामा रजेवर होते. त्यांच्या लेकीचे बाळंतपण होते. किल्ली आणि नोंदवही सरांनी वकिलाकडे दिली. दुसऱ्या कुणाकडे देणार?

सोमवारी मधल्या सुट्टीत वकील आणि त्याचे दोन मित्र आत आले. त्यांची पैज लागली होती.

“माणसाच्या सहीला वजन असतं,” वकील म्हणाला. “शाई म्हणजे पदार्थच ना? आधी कोरी चिठ्ठी मोजायची, मग सही करून मोजायची. फरक म्हणजे सही.”

“तुझी सही जड निघणार बाबा. शेपटी केवढी काढतोस.”

“तुझ्या अंगठ्यापेक्षा हलकीच निघेल.”

हसत हसत त्याने मला जागी केली आणि जागी असतानाच चिठ्ठी उजव्या पारड्यात टाकली. मी एकदम कलले. मग त्याने पेटीतली पत्र्याची वजने बोटांनीच उचलून डाव्या पारड्यात ठेवली, डावखुऱ्या माणसाला ते पारडे जवळचे म्हणून. दांडी वरखाली आपटू लागली. मला भोवळ आली. तेवढ्यात तासाची घंटा झाली. त्याने चिठ्ठी खेचली, वजने बोटांनी गोळा केली, पेटीत ओतली, कळ खटकन फिरवली. मी डोके गरगरत असतानाच पेंगले.

संध्याकाळी नोंदवहीवर पेन चालल्याचा आवाज आला. वजनांची पेटी उघडल्याचा मात्र आला नाही.

मंगळवारी माझ्यासमोर चार जण बसून गेले. खुर्च्या सरकल्या, पाने उलटली, पेन्सिली चालल्या, कुणीतरी हळूच आकडे सांगितले. मला कुणी जागे केले नाही. मला वाटले, आज लेखी काम असेल. गुरुवारीही तीन जण तसेच बसून उठले. मग चौथी आली, शून्यताई.

तिने कळ फिरवली आणि मी डावीकडे कोसळले.

काटा शून्यापासून सरकत सरकत पट्टीच्या बाहेर गेला. पारड्यांत काहीही नव्हते. मित्रांनो, एखाद्या म्हातारीने अंथरुणातून उठावे आणि पाय जमिनीवर टेकताच घसरावे, तसे मला झाले. समोर पाहिले तर हिचा हात कळीवर. मनात म्हटले, हिनेच काहीतरी केले.

तिने मला झोपवले, पुन्हा जागे केले. तेच. तिसऱ्यांदा, तेच. तिने माझ्या पायाशी असलेली पाणसळ पाहिली. मी सपाटीवर होते. मग तिने वजनांची पेटी उघडली, खळगे न्याहाळले आणि उठून मामांकडे गेली. मामा त्याच दिवशी कामावर परत आले होते.

“मामा, बॅलन्स रिकामा असताना डावीकडे पडतोय. आणि पेटीत वीसचं वजन एकच आहे. दोन हवीत ना?”

मामांनी हातातले फडके खाली ठेवले. “तुझ्याआधी किती जणांनी मोजलं?”

“सात जणांनी.”

“सात जणांना काही दिसलं नाही. तुलाच बरं दिसलं.”

“त्यांना का दिसलं नाही ते मला कसं माहीत असणार?”

“नोंदवहीत सोमवारी पूर्ण, मंगळवारी पूर्ण, बुधवारी पूर्ण. आज तू शेवटची.” मामा सावकाश बोलत होते. “आमच्या आईची एक म्हण होती. ओरडत येतो त्याची झोळी आधी बघावी.”

तिने झोळीच काय, कंपासपेटी, रुमाल, वहीची पाने, सगळे टेबलावर उलटे करून दाखवले. पत्रा निघाला नाही. त्याने मामांचे समाधान व्हायच्या ऐवजी संशय पक्का झाला.

“वीस मिनिटं उरलीत. मोज आणि मोकळी हो,” ते म्हणाले. “सरांच्या कानावर घालतो मी.”

तिने मोजले. वाकड्या तुलेवर जसे मोजता येईल तसे. बारा नंबरचा तुकडा होता. जर्नलमध्ये तिने आधी एक ओळ लिहिली, मग आकडा लिहिला. चारही दशांश लिहिले.

शुक्रवारी सरांनी माझ्याच टेबलाशी बसून तोवर मोजून झालेल्यांची आठही जर्नले तपासली. खिशातली यादी काढली, उत्तरांवर बोट ठेवत गेले. बरोबर, बरोबर, बरोबर. सात खुणा झाल्या. आठव्या जर्नलाशी पेन थांबले.

“वीस मिलिग्रॅम जास्त,” ते मामांना म्हणाले. “हरवलेलं वजनही वीसच मिलिग्रॅमचं. योगायोग म्हणायचा का?”

“मी काय सांगत होतो,” मामा म्हणाले.

“उद्या तिच्या वडिलांना बोलवा. तिने वजन आणून दिलं तर ठीक. नाहीतर या जर्नलवर माझी सही होणार नाही.”

शनिवारी सकाळी तास सुरू होण्याआधी शिंपी आला. गळ्यात मापाची फीत तशीच होती. कामावरून उठून आलेला माणूस. तो दाराशी चपला काढू लागला तेव्हा मामा म्हणाले, “राहू द्या, खाली काचा असतात.” शून्यताई त्याच्या मागे उभी होती. नोंदवहीवर सह्या त्याच्या म्हणून वकिलालाही बोलावले होते.

सरांनी सगळे नीट, न रागावता सांगितले. वजन कसे नाहीसे झाले, उत्तर कसे चुकले, बाकीच्या सातांचे कसे बरोबर आले.

शिंप्याने मुलीला विचारले, “घेतलंस का?”

“नाही, बाबा.”

“पडलं का तुझ्या हातून?”

“नाही. मी बसले तेव्हाच बॅलन्स वाकडा होता. मी सांगितलं मामांना.”

“साहेब,” शिंपी म्हणाला, “मला यातलं कळत नाही. मी कपडे शिवतो. पण आमच्याकडं गिऱ्हाइकाचा सदरा आखूड झाला तर मी आधी कारागिराला बोलत नाही. आधी फीत बघतो. जुनी फीत ताणते. दोन बोटं जास्त दाखवते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. तुमची फीत बघितली का कुणी?”

सरांच्या कपाळावर आठी आली. त्यांना वाटले असावे, आता शिंप्याने आपल्याला मोजणे शिकवायचे. पण ते मुळात सरळ गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची ओढली, हात कोटाला पुसले आणि कळ फिरवली.

मी डावीकडे कोसळले. काटा पट्टीबाहेर.

“हे केव्हापासून?”

“जर्नलमध्ये लिहिलंय, सर,” शून्यताई म्हणाली. “पहिल्याच ओळीत.”

सरांनी तिचे जर्नल उघडले. शुक्रवारी त्यांनी फक्त उत्तर पाहिले होते. आता ओळ वाचली, मोठ्याने: “बॅलन्स रिकामा असताना काटा पट्टीच्या बाहेर उजवीकडे जातो. पाणसळ ठीक. वीस मिलिग्रॅमचे एक वजन पेटीत नाही. खालील वजन या स्थितीत घेतले आहे.”

माझे डावे अंग खाली गेले की काटा उजवीकडे जातो. मुलीने ते अचूक लिहिले होते.

सरांनी मला झोपवले, पेटीतले उरलेले वीस मिलिग्रॅमचे वजन चिमट्याने उजव्या पारड्यात ठेवले आणि पुन्हा जागे केले. मी एकदा डुलले, दोनदा डुलले आणि मधोमध थांबले. बरोबर शून्यावर.

“बरोबर वीस,” सर स्वतःशीच म्हणाले.

माझे प्रत्येक पारडे म्हणजे पितळी कड्यात बसवलेली सुटी ताटली आहे. सरांनी मला झोपवले आणि डावीकडची ताटली अलगद उचलली. ताटली आणि कडे यांच्या फटीत तो बसला होता. कोपरा वर वळवलेला, चकचकीत, निर्लज्ज.

मित्रांनो, मला काय वाटले असेल ते विचारू नका. दोन दिवस मी ज्या चोराच्या शोधात प्रत्येकाच्या बोटांकडे पाहत होते, त्याला मीच मांडीखाली घेऊन बसले होते. आणि शंका कुणाची घेतली, तर जिने मला उठवून ‘तुम्हाला बरे वाटते ना’ असे विचारले, तिची.

मामांनी तोंडावरून हात फिरवला. शिंपी मुलीकडे पाहत होता. त्याला वाटले प्रश्न मिटला. सर मात्र त्या पत्र्याकडे पाहत तसेच बसून राहिले. मग त्यांनी बाकीची सात जर्नले पुढे ओढली.

“हा बॅलन्स ही बसण्याच्या आधीपासून वाकडा आहे,” ते म्हणाले. “या वाकड्या बॅलन्सवर सात जणांची उत्तरं सरळ कशी आली?”

सरांनी वरचे जर्नल उघडले.

“वकील, तुझा तुकडा चार नंबरचा. चौथ्या दशांशापर्यंत बरोबर आहे. कसा मोजलास?”

“मंगळवारी बॅलन्स ठीक होता, सर.”

“शून्य पाहिलंस?”

“पाहिलं, सर.”

“मग हे मंगळवारनंतर झालं म्हणतोस. बरं. आता एवढंच सांग, वजनं आपण कुठल्या पारड्यात ठेवतो?”

“उजव्या.”

“हे डाव्यात सापडलं. सगळा वर्ग उजव्या हाताचा आहे. चिमटा डाव्या हातात धरणारा एकच आहे.”

वकिलाचा डावा हात खिशात गेला.

“सोमवारी, सर,” तो अखेर म्हणाला. “मधल्या सुट्टीत. सही मोजत होतो.”

“काय मोजत होतास?”

“सहीचं वजन, सर. शाईचं.”

“किती आलं?”

“आलंच नाही. घंटा झाली.”

सरांच्या ओठांची कड हलली, पण ते हसले नाहीत. “आणि मंगळवारी?”

“मंगळवारी कळ फिरवलीच नाही, सर. मोठ्या वर्गातल्या एकाचं जुनं जर्नल होतं. त्यात बाराही तुकड्यांची वजनं आहेत. सगळ्यांकडे आहेत.” त्याने मामांकडे पाहिले. “नोंदवही पण पेटी न उघडताच लिहिली.”

“मी तिला झोळी उलटी करायला लावली,” मामा कुणाकडेही न पाहता म्हणाले, “तुझ्या सहीवर विश्वास ठेवून.”

त्या वाक्यावर वकिलाची मान खाली गेली. सरांच्या बोलण्याने गेली नव्हती.

मला वाटले, आता सर त्याला फैलावर घेतील. पण सरांनी खिशातून ती यादी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या घड्या झिजून फाटायला आल्या होत्या.

“नऊ वर्षं मी ही यादी पाहतोय,” ते म्हणाले. “बॅलन्सकडे कुणी पाहत नाही म्हणून मुलांवर रागावतो. मीही पाहत नव्हतो. मामा, तुमच्याकडे कानस आहे?”

मामांनी कानस आणली.

“बाराही तुकड्यांना एक एक हात मारा. कमी-जास्त, हवा तसा. मोजून मारू नका.”

“मग खरं वजन कळणार कसं, सर?”

“मोजून,” सर म्हणाले.

कानशीचा आवाज मला आजवर कधी गोड वाटला नव्हता. त्या दिवशी वाटला. पितळेची पूड कागदावर पडत होती आणि शिंपी मोठ्या रसाने पाहत होता. एका कारागिराला दुसऱ्याचे हत्यार पाहताना होतो तसा आनंद त्याच्या तोंडावर होता.

तास सुरू झाला. सरांनी सगळ्या वर्गाला उभ्यानेच सांगितले, “आजपासून बरोबर उत्तर माझ्याकडेही नाही.” ज्याने जे पाहिले ते त्याने लिहायचे. शून्य चुकीचा असेल तर तेही लिहायचे. ज्याचे उत्तर शेजाऱ्यापेक्षा वेगळे येईल त्याने ते खोडायचे नाही, पुन्हा मोजायचे. आणि ज्याला काही खटकेल त्याने विचारायचे, मग त्याच्या आधी सात जण गप्प बसलेले असोत की सत्तर. शून्यताईच्या जर्नलवर त्यांनी त्याच ठिकाणी सही केली. चुकलेल्या उत्तराखाली, पूर्ण गुण देऊन. बाकी सातांना पुन्हा बसवले.

जाताना मामांनी शून्यताईला दाराशी थांबवले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती.

“पोरी, उद्यापासून ही पेटी तूच मोजत जा.”

“नको मामा. तुम्हीच मोजा. मी शेजारी उभी राहीन.”

“माझ्यावर विश्वास नाही वाटतं?”

“आहे की. म्हणून तर शेजारी.”

मामा हसले. मी त्यांना हसताना पाहिले ते बहुधा तेवढेच.

पुढे काय झाले ते सांगते. सात जणांपैकी सहा पास झाले, एक पुढच्या वर्षी झाला. वकिलाने ते वर्ष पुरे केले, पण पहिला नंबर गेला. पुढे तो औषधे बनवणाऱ्या कारखान्यात लागला. तिथे तो गोळ्यांचे वजन तपासणाऱ्या खात्यावर होता. त्याच्या हाताखालचे लोक त्याला कंटाळत, कारण त्यांच्या सहीची नोंद तो पेटी उघडल्याशिवाय कधी मान्य करत नसे. हे त्यानेच एकदा येऊन मामांना सांगितले. तोवर मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि निवृत्तीला चार महिने राहिले होते. मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांची लेक मुलाला घेऊन प्रयोगशाळा पाहायला आली. तो म्हणजे वजन हरवले त्या आठवड्यात जन्मलेला.

दशांश सर आणखी अकरा वर्षे होते. दर वर्षी कानस चाले. तुकडे इतके झिजले की शेवटी नवे आणावे लागले. सर गेल्याचे मला एका सकाळी कळले. वर्गात सगळे उभे होते आणि कुणी खुर्ची सरकवली नाही.

शिंप्याने माझ्या काचेच्या पेटीला जाड कापडाची खोळ शिवून दिली. मापे मुलीने घेतली होती. खोळ अंगाला इतकी बेताची बसली की मामा म्हणाले, “ही फीत ताणलेली नव्हती.” शून्यताई शिकली, पदवी घेतली आणि वजनमापांची निरीक्षक झाली. बाजारात दुकानदार तिला पाहून काउंटरखालची मापे बदलतात, असे ऐकले आहे. ती दोनदा मला भेटायला आली. दुसऱ्या वेळी तिचे केस पांढरे झाले होते. तिने चष्मा पुसला, माझ्याकडे रोखून पाहिले, आणि मला मुळीच संशय आला नाही.

आता मी काम करत नाही. भिंतीकडेच्या फळीवर असते. समोर नवे विजेचे यंत्र आहे. त्याला पारडी दोन नाहीत, कळ नाही, काटा नाही. आकडे हिरवे होऊन दिसतात आणि मुले ते लिहून घेतात. यंत्र चांगले आहे, मी त्याची निंदा करणार नाही. पण मित्रांनो, म्हातारीचे एक ऐका. प्रयोगशाळेत वेळेवर या. हात कोरडे ठेवा. जे दिसले ते लिहा, जे दिसायला हवे होते ते नको. दुसऱ्यावर शंका घेण्याआधी आपले साधन तपासा, आणि साधनावर शंका घेण्याआधी आपला हात.

आज सकाळपासून त्या नव्या यंत्राच्या पारड्यावर चिमूटभर पांढरी पूड सांडलेली आहे. तीन वर्ग येऊन मोजून गेले. तुमच्यापैकी कुणी इकडे आलात तर तेवढी पुसून घ्या. आणि पुसायच्या आधी ती कशाची आहे, ते कुणाला तरी विचारा.